बाप्तिस्मा होऊन बारा वर्षं झाली, पण मी वाढतेय का?

सलाम ताई,

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, सकाळी चहा घेताना परत वाचला आणि मग ठरवलं की ह्याला दोन ओळींचं उत्तर देऊन चालणार नाही. ज्यांनी प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताई पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत, बाप्तिस्मा घेऊन बारा वर्षं झाली. सुरुवातीला प्रार्थनेला बसलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं, आता दोनेक वर्षं रोजची शांतवेळ, म्हणजे एकट्यानं बायबल वाचून प्रार्थना करायची वेळ, चालू आहे पण आतून सगळं कोरडं. प्रार्थना गटातल्या बाकीच्या बहिणी अन्य भाषांत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेनं न शिकलेल्या भाषांत, प्रार्थना करतात, ह्यांना ते दान (देवाची देणगी) नाही, आणि गटातल्याच एकींनी तोंडावर सांगितलं की तुमची आत्मिक वाढ खुंटलीये. त्यात घरी सासूबाईंशी आठवड्यातून एकदा तरी वाजतंच. शेवटी ताई विचारतात, मी वाढतेय, थांबलेय की मागे चाललेय हे ओळखायचं कसं?

मी नाशिक आणि नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये एकतीस वर्षं पाळक म्हणून सेवा केली, आता रिटायर आहे. हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत किती जणांनी विचारला असेल ह्याचा हिशोब नाही, आणि सुरुवातीच्या वर्षांत मी त्याचं उत्तर चुकीचं द्यायचो हेही कबूल करतो. मी म्हणायचो, बायबल किती वाचता, प्रार्थना किती वेळ करता, उपवास करता का, दशांश देता का. म्हणजे शाळेचं प्रगतीपुस्तक भरल्यासारखं. चार रकान्यांत टिक झाली की वाढ आहे, नाही झाली की नाही. ह्या सगळ्या गोष्टी चांगल्याच आहेत, मी आजही त्या सोडलेल्या नाहीत, पण ते खतपाणी झालं. खत किती घातलं ह्यावरून पीक किती आलं हे कळत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न वेगळा काढू. तुम्ही तीन गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात ताई. एक, प्रार्थनेत काही वाटत नाही. दोन, दुसऱ्यांकडे आहे ते दान माझ्याकडे नाही. तीन, सासूबाईंशी भांडण होतं. पहिल्या दोन गोष्टींवर तुम्ही भरभरून लिहिलंय आणि तिसरी एका ओळीत, जाताजाता. माझ्या मते तुम्हाला जे शोधायचंय ते त्या एका ओळीत आहे. तिकडे येतोच.

त्याआधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते बोलतो, कारण तुमची माझी भेट नाही. तुम्ही लिहिलंय की महिन्यातले दहा-बारा दिवस नाईट ड्युटी असते आणि धाकटा अजून रात्री उठतो. ताई, दोन वर्षं नीट झोप नसलेल्या माणसाला प्रार्थनेतच काय, कशातच काही वाटत नाही. माझ्या मंडळीतल्या एक बहीण वर्षभर माझ्याकडे यायच्या, पास्टर माझ्यावर प्रभू नाराज आहे म्हणायच्या, मी प्रार्थना करायचो, वचनं द्यायचो, आणि शेवटी माझ्या बायकोच्या लक्षात आलं की ह्यांना सोबत घेऊन डॉक्टरकडे जायला पाहिजे. थायरॉईड निघाला. गोळ्या सुरू झाल्यावर तीन-चार महिन्यांनी त्या उपासनेत परत गायला लागल्या. त्या वर्षभरात मी त्यांच्या आजाराला अविश्वासाचं नाव दिलं ह्याचं मला आजही वाईट वाटतं. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा दूतानं त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं आणि झोपू दिलं, दोनदा. १ राजे १९ काढून बघा. तेव्हा कोरडेपणाचं कारण शरीरात आहे का, डिप्रेशन आहे का, हे आधी बघायचं. तुम्ही नर्स आहात, पेशंटला हेच सांगाल.

दुसरी अट सासूबाईंबद्दल. भांडण म्हणजे दोन बायकांचं स्वयंपाकावरून, मुलांच्या जेवणावरून होतं तसं असेल तर पुढचं सगळं लागू आहे. पण मारहाण, पगार काढून घेणं, माहेरी बोलू न देणं असं काही असेल तर तो प्रश्न वेगळा आहे, तिथे सोसत राहणं म्हणजे आत्मिक वाढ असं तुम्हाला कुणी सांगत असेल तर ऐकू नका, आधी घरातल्या किंवा मंडळीतल्या विश्वासू माणसाला सांगा आणि कायद्याची मदत घ्या. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही म्हणून पुढे जातो.

आता भावना. सुरुवातीला रडू यायचं ते खरं होतं, त्याला खोटं म्हणू नका. पण ते अश्रू ही वाढीची मोजपट्टी नव्हती. लग्न नवीन असताना नवऱ्याच्या गाडीचा हॉर्न ऐकला तरी छातीत धडधडतं, बारा वर्षांनी धडधडत नाही म्हणून संसार मोडला असं कुणी म्हणत नाही, उलट बारा वर्षांनी त्याला ताप आला की न बोलता रात्रभर कोण बसतं ह्यावरून कळतं काय ते. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली छापून आली तेव्हा जगाला कळलं की त्यांनी आयुष्यातली कितीतरी दशकं आतून कोरडेपणातच काढली. प्रार्थनेत गोडवा नव्हता तरी रोज सकाळी उठून कलकत्त्याच्या रस्त्यावर जातच होत्या. त्यांना कुणी वाढ खुंटलेली बाई म्हणेल का?

आपल्या घरचंच उदाहरण घ्या, पंडिता रमाबाई. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढे त्यांनी स्वतः साक्षीत लिहिलंय की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो मिळाला नव्हता. विचार करा, त्या आठ वर्षांत त्या इंग्लंडला शिकल्या, अमेरिकेत फिरून व्याख्यानं दिली, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, बाहेरून बघणारा म्हणेल ही बाई केवढी पुढे गेलीये. आणि त्या स्वतः म्हणतात की मुख्य गोष्ट तेव्हा हाती लागलीच नव्हती. पण माझ्या मते ती आठ वर्षं वाया गेली नाहीत, कारण त्या शोधत राहिल्या, प्रश्न विचारत राहिल्या, नुसत्या मान्यता मिळाली म्हणून गप्प बसल्या नाहीत. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मरणाऱ्या शेकडो मुलीबाळींना केडगावला घेऊन आल्या. १९०५ मध्ये तिथल्या मुक्ती सदनात जे उज्जीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं, मुली रात्र-रात्र रडून प्रार्थना करत होत्या, त्याबद्दल आपल्या सभांमध्ये खूप बोललं जातं. बोलावंच. पण रमाबाई शेवटपर्यंत काय करत होत्या? मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणत होत्या, प्रुफं तपासत होत्या, एप्रिल १९२२ मध्ये गेल्या तोपर्यंत. लेक मनोरमा आदल्या वर्षी गेलेली, स्वतःची तब्येत ढासळलेली, आणि समोर प्रुफांची चळत. त्या चळतीत मला १९०५ च्या अश्रूंइतकाच पवित्र आत्मा दिसतो.

अन्य भाषांचं थोडक्यात सांगतो, कारण ह्यावर वाद घालायची माझी इच्छा नाही. ते दान ज्यांना आहे त्यांचा मी आदर करतो. पण दान आणि वाढ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ह्याचा सगळ्यात मोठा पुरावा खुद्द करिंथची मंडळी आहे. प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात म्हणतो की तुम्ही कोणत्याही कृपादानात उणे नाही, आणि तिसऱ्या अध्यायात त्याच लोकांना म्हणतो तुम्ही ख्रिस्तातली बालकं आहात, तुम्हाला अजून दूधच पाजावं लागतंय. का? तर तुमच्यात हेवा आणि कलह आहे म्हणून. सगळी दानं असलेली मंडळी आणि तरी तान्ही! दान म्हणजे देणाऱ्यानं हातात ठेवलेली वस्तू, ती लहान मुलाच्या हातातही ठेवता येते. ज्या बहिणीनं तुम्हाला तुमची वाढ खुंटलीये असं गटात सगळ्यांसमोर सांगितलं, तिच्याबद्दल मनात कडूपणा धरू नका, तिनं बहुतेक तिला जे शिकवलं गेलं तेच सांगितलं.

मग वाढ दिसते कुठे? पौलाच्या गलतीकरांच्या पत्रातला ५ वा अध्याय, त्यातलं आत्म्याचं फळ आपल्याला पाठ असतं, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. संडे स्कूलची पोरं घडाघडा म्हणून दाखवतात. पण त्याच्या वरची यादी, देहाच्या कर्मांची, आपण पटकन वाचून टाकतो. ती मोजा. आपल्या मराठी बायबलमध्ये पंधरा नावं येतात. जारकर्म वगैरे आहे, मूर्तिपूजा-चेटके आहे, दारूबाजी आहे, पण मधली सलग आठ नावं बघा, वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा. निम्म्याहून जास्त यादी माणसामाणसांतल्या भांडणाची आहे! आणि आत्म्याच्या फळातली बहुतेक नावंही अशी आहेत की जी एकट्या माणसाला खोलीत बसून दाखवताच येत नाहीत. सहनशीलता दाखवायला समोर कुणीतरी सहन करावं लागेल असं माणूस लागतं. म्हणून म्हटलं, सासूबाईंची ती एक ओळ महत्त्वाची. तुमच्या वाढीची जागा तुमचं प्रार्थनेचं आसन नाही, तुमचा किचन ओटा आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग मी नापासच, कारण तिथे तर भांडण होतंच. थांबा. इथे मी माझ्या अनुभवातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. पडणं होतं की नाही ह्यावरून वाढ मोजू नका, पडल्यावर परत यायला किती वेळ लागतो त्यावरून मोजा.

माझंच सांगतो. माझा स्वभाव तापट. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं बायकोशी वाजलं की मी तीन-तीन दिवस अबोला धरायचो, रविवारी पुलपिटवर क्षमेवर संदेश द्यायचो आणि घरी येऊन ताट पुढे सरकवलं तरी मान वर करायचो नाही. प्रार्थना करायचो की प्रभू माझा राग काढून टाक. राग गेला नाही ताई, आजही येतो, तसाच झटकन येतो. पण मध्ये काहीतरी झालं. तीन दिवसांचा अबोला एका दिवसावर आला, कधी ते कळलंच नाही, मग संध्याकाळपर्यंत, आणि आता असं आहे की मी तणतणत बाहेरच्या खोलीत जातो, पेपर उघडतो, पेपरात काही दिसत नाही, आणि पाचेक मिनिटांत परत आत येऊन म्हणतो चुकलं माझं. हे मी शोधून काढलेलं नाही. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा धाकट्या मुलीनं साक्षीत सांगितलं की लहानपणी आम्ही पप्पा कधी बोलतील ह्याची वाट बघत झोपून जायचो, आता पप्पा माफी मागतात. मी पुढच्या बाकावर बसलो होतो. मला वाटत होतं मी आहे तिथेच आहे, कारण मी रोज रागच बघत होतो. तिनं अंतर बघितलं.

तेव्हा तुम्ही स्वतःला हे विचारा. पाच वर्षांपूर्वी सासूबाईंशी वाजलं की किती दिवस बोलणं बंद असायचं? आता किती तास? पूर्वी नवऱ्याला फोन करून सगळं तिखटमीठ लावून सांगायचात, आता सांगता का? भांडणात पूर्वी माहेरची, मागची दहा वर्षांची उणीदुणी निघायची, आता जे झालं तेवढ्यापुरतंच राहतं का? माफी मागताना पूर्वी "पण तुम्हीपण" असं शेपूट असायचं, ते गळालं का? ह्यातलं एक जरी बदललं असेल तर तिथे पवित्र आत्म्याचं काम चाललंय, मग अंगावर काटा येवो न येवो. आणि काहीच बदललं नसेल, उलट अंतर वाढलं असेल, तर तेही प्रामाणिकपणे बघायला पाहिजे, मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही.

अजून एक उदाहरण देतो कारण ते मी डोळ्यांनी बघितलं. एका खेडेगावातल्या मंडळीत एक वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी, होते, मंडळीतला मान, बायबल तोंडपाठ. सख्ख्या भावाशी शेताच्या बांधावरून सात वर्षं बोलणं नाही, वाद होता जेमतेम दीड फुटाचा. एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी मी मत्तय ५ वाचलं, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. ताटली त्यांच्यापर्यंत आली तेव्हा त्यांनी हात पुढे केला नाही, टोपी उचलली आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं चिडले. नंतर कळलं ते थेट भावाच्या दारात गेले होते आणि भावानं दार उघडलं नाही. पुढच्या आठवड्यात परत गेले, परत तेच. पुढे ते गेले नाहीत, पण एक करायला लागले. तिकडे शेतीची लाईट रात्री यायची, आठवड्यानुसार पाळी, आणि भाऊ वयानं मोठा, गुडघे दुखायचे. हे रात्री दोनला उठून आपली मोटार चालू करायचे आणि येताना भावाच्या विहिरीवर जाऊन त्याचीही चालू करून यायचे. दोन हंगाम. भाऊ बोलायला लागला का, तर माझी बदली होईपर्यंत तरी नाही. पण मी त्या माणसाला सात वर्षं वडील म्हणून ओळखत होतो आणि वाढताना मी त्याला त्या दोन हंगामांत बघितलं. समोरच्यानं दार उघडणं हे वाढीचं माप नाही हे मी तिथे शिकलो, ते तुमच्या सासूबाईंच्या बाबतीतही लक्षात ठेवा.

दुसरी खूण विचित्र आहे आणि तीच माणसाला फसवते. माणूस वाढतो तसतसं त्याला आपलं पाप जास्त दिसायला लागतं, म्हणून त्याला वाटतं मी मागे चाललोय. पौलाची पत्रं परंपरेनं मानलेल्या क्रमानं वाचा. करिंथकरांना लिहिताना म्हणतो प्रेषितांत मी कनिष्ठ. काही वर्षांनी इफिसकरांना लिहिताना म्हणतो सर्व पवित्र जनांतल्या लहानांहून लहान. आणि तीमथ्याला लिहितो तेव्हा काय, तर पाप्यांपैकी मी मुख्य. वर्षं वाढली, सेवा वाढली आणि हा माणूस स्वतःच्या नजरेत खाली खाली आला. पण ह्यात एक फरक ओळखायला शिका. पाप दिसल्यावर तुम्ही प्रभूकडे जाता की प्रभूपासून लपता? जो दोषाचा भाव तुम्हाला गुडघ्यावर आणतो आणि मग उठून माफी मागायला लावतो तो आत्म्याचा, आणि जो नुसता म्हणत राहतो की तू कधीच सुधारणार नाहीस, तुझं काही खरं नाही, तो आवाज प्रभूचा नाही. तुमच्या प्रश्नात मला हा दुसरा आवाजही थोडा ऐकू आला म्हणून लिहिलं.

कोरडेपणाबद्दल आता द्राक्षाच्या बागेतलं सांगतो. निफाड, दिंडोरीकडच्या माझ्या मंडळीत बरेच बागायतदार होते, त्यांच्याकडूनच मी योहान १५, प्रभू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो तो अध्याय, नीट शिकलो. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा बाग बघवत नाही, नुसते ओलांडे, म्हणजे जाड फांद्या, राहतात. मग काड्या फुटतात, पानं येतात. आणि ह्या काळात साधारण चाळीस ते साठ दिवसांत त्या काडीवरच्या डोळ्यांच्या, म्हणजे कोंब फुटायच्या जागांच्या, आत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. बाहेरून काहीही दिसत नाही. शेतकरी ऑक्टोबरच्या छाटणीआधी काड्या लॅबला नेतो, तिथे डोळा कापून मायक्रोस्कोपखाली बघतात की घड कितव्या डोळ्यात आहे, आणि त्याप्रमाणे कात्री लावतात. म्हणजे जो घड जानेवारी-फेब्रुवारीत लोकांना दिसतो तो मे-जूनमध्ये, बाग एकदम साधी दिसत असताना, ठरून गेलेला असतो. आणि अजून एक, ह्याच काळात खत-पाणी जास्त झालं आणि शेंडा नुसताच जोरात पळायला लागला, दाट सावली झाली, तर बाग दिसते हिरवीगार पण डोळ्यात घड धरत नाही, म्हणून शेंडा मारावा लागतो. एक भाऊ मला बागेत उभे राहून म्हणाले होते, पास्टर, हिरवं दिसतंय म्हणून खूश व्हायचं नसतं, डोळा तपासायचा असतो. मला तेव्हा आमच्या मंडळीतली कार्यक्रमांची यादी आठवली, सोमवारी कॉटेज मीटिंग, बुधवारी उपवास प्रार्थना, शुक्रवारी तरुण संघ, शनिवारी क्वायर प्रॅक्टिस. एवढ्या शेंड्यात घड किती हे आम्ही कधी तपासलंच नव्हतं. तुम्हीही दोन गट, संडे स्कूल आणि क्वायर करता असं लिहिलंय. नाईट ड्युटीसकट. ह्यातलं एखादं कमी केलं तर ते मागे जाणं होईल असं मला अजिबात वाटत नाही.

मार्क ४ मध्ये प्रभू म्हणतो माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजतं आणि वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. रोज माती उकरून बघणाऱ्याचं बी जगत नाही.

आता एक गोष्ट बोलतो जी आपल्या मराठी मंडळ्यांत कुणी उघड बोलत नाही, पण वाढीचा विषय निघाला आणि ही टाळली तर मी प्रामाणिक राहणार नाही. जात. प्रभुभोजनात आपण एकाच भाकरीतून घेतो आणि मुलीचं लग्न ठरवायची वेळ आली की हळूच विचारतो, ते मूळचे कोण? वीस वर्षं मंडळीत सोबत गाणारे लोक सोयरिकीच्या वेळी कसे आक्रसतात हे मी खूपदा बघितलंय. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी, १९०० साली. त्या मधल्या काळात सोवळं-ओवळं, कुणाच्या हातचं पाणी चालतं नि कुणाच्या नाही, हे लक्ष्मीबाईंच्या मनातून टप्प्याटप्प्यानं सुटत गेलं आणि ते त्यांनी आपल्या आठवणींत फार मोकळेपणानं लिहून ठेवलंय. नवऱ्याचा तापट, लहरी स्वभावही त्यांनी लपवला नाही. मला त्यातलं हे आवडतं की तिथे कुणी एका रात्रीत संत होत नाही. माणूस जिथे सगळ्यात घट्ट असतो तिथली गाठ सैल व्हायला लागली की समजावं आत काम चाललंय. तुमची घट्ट गाठ कुठली ते तुम्हालाच माहीत, ती जात असेल, पैसा असेल, मुलाचे मार्क असतील, किंवा मंडळीत आपलं नाव घेतलं जावं ही इच्छा असेल. मी स्वतः ह्या शेवटच्या गाठीशी खूप वर्षं झगडलो.

मग प्रत्यक्षात करायचं काय? मी जे करतो ते सांगतो. एक साधी शंभर पानी वही. दर वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला जायच्या आधी मी त्यात एक पान लिहितो, ह्या वर्षी मी कुणावर सगळ्यात जास्त चिडलो, कुणाची माफी मागितली, कुणाची मागायची राहिली, पैसा कशावर खर्च केला जो कुणालाच माहीत नाही, आणि कुणी मला चूक दाखवली तेव्हा मी काय बोललो. बस. मागची पानं त्या दिवशी वाचायची नाहीत, पाच वर्षांनी एकदम वाचायची. आठवड्या-आठवड्याला बघितलं तर काही दिसत नाही, मुलाची उंची भिंतीवर रोज मोजत नाही तसं. पाच वर्षांत मात्र दिसतं, आणि कधीकधी नको ते पण दिसतं, एकच नाव सलग चार पानांवर आलेलं मी पाहिलंय.

दुसरं, स्वतःबद्दल स्वतःला विचारणं पुरत नाही. दोन माणसांना विचारा, एक जो तुमच्यावर प्रेम करतो आणि एक ज्याला तुमच्याशी गोड बोलायची काही गरज नाही. प्रार्थना गटातल्या कुणाला नको, ते तुम्हाला आठवड्यातून दोन तास बघतात, चांगल्या साडीत. वॉर्डमधल्या मावशींना विचारा, ज्या तुमच्या हाताखाली काम करतात. रात्री तीन वाजता पेशंट घंटी वाजवतो तेव्हा तुम्ही त्यांच्याशी कसं बोलता हे त्यांना माहीत आहे.

आणि तिसरं, कोरडेपणात मोठे निर्णय घेऊ नका. कॅथलिक परंपरेत इग्नेशियस लोयोला ह्यांचा एक नियम आहे की मन उजाड असेल त्या काळात आधी ठरवलेलं बदलू नये, आणि मी प्रोटेस्टंट असूनही हा नियम किती लोकांना दिलाय. मंडळी बदलायची, गट सोडून द्यायचा, शांतवेळ बंद करायची असं आत्ता ठरवू नका. ओझं हलकं करा, ते वेगळं. शांतवेळ पाऊण तासाची असेल तर दहा मिनिटांची करा, एक स्तोत्र मोठ्यानं वाचा, ८८ वं वाचलंत तरी चालेल, ते अंधारातच संपतं आणि तरी शास्त्रात आहे.

थोडक्यात तुमच्या तीन गोष्टींचं सांगायचं तर, काही वाटत नाही ह्याचं कारण आधी झोपेत आणि तब्येतीत शोधा, दान नाही ह्याची काळजी सोडा, आणि सासूबाईंशी भांडण झाल्यावर परत यायला किती वेळ लागतो ते बघायला लागा. तुम्ही बारा वर्षांनंतरही हा प्रश्न विचारताय, तोही भांडणाची गोष्ट न लपवता, ह्यावरून मला तरी तुम्ही मागे चाललेल्या वाटत नाही, पण माझ्यापेक्षा सासूबाईंना जास्त माहीत असणार. पुढच्या वेळी दोघी निवांत असाल, शेंगा सोलत किंवा भाजी निवडत, तेव्हा त्यांना विचारून बघा की आई, मी लग्न होऊन आले तेव्हा कशी होते आणि आता कशी आहे. उत्तर येईपर्यंत गप्प बसा, मध्ये स्पष्टीकरण देऊ नका. थायरॉईड आणि हिमोग्लोबिनची टेस्ट मात्र ह्याच आठवड्यात करून घ्या, आणि सासूबाई काय म्हणाल्या ते इथे लिहा, मी वाट बघतो.